चतुराबाईनं कचेरीत घेतलेलं नाव

“तोंड सांभाळून बोलावं. वास्तू तथास्तु म्हणत असते.”

चतुराबाई हे सगळ्यांना सांगायची. शेजारचं पोर ‘भुकेनं मेलो’ म्हणायला लागलं, की पुढचा शब्द निघायच्या आत तिचा तळहात त्याच्या तोंडावर. तिच्या घरात पीठ कधी संपलं नाही, ते ‘वाढलं’. बांगडी फुटली नाही, ‘वाढवली’. दिवा विझला नाही, ‘शांत झाला’. घराच्या आढ्यात कुणीतरी बसलेलं असतं, ते सदा ‘तसंच होवो, तसंच होवो’ म्हणत असतं, त्याला आपल्या बोलण्याचा अर्थ कळत नाही, नुसतं ऐकू येतं, असं ती म्हणायची. म्हणून तिचं बोलणं नेहमी सावध असे. अनोळखी पाण्यात उतरताना माणूस आधी बोटं टेकवतो आणि मग पाऊल, तसं.

ती आमच्या सायखेड्याची लेक. गोदावरीच्या काठानं वाढली आणि त्याच नदीच्या वरच्या अंगाला, नासिकच्या तांबट आळीत, खंडेरावाच्या घरी नांदायला गेली. खंडेराव हे नाव मी लिहितो आहे. तिनं ते लग्नात, बायांनी दार अडवलं तेव्हा, उखाण्यात एकदाच घेतलं होतं. पुढं कधीच नाही. नवऱ्याचं नाव तोंडात आलं की त्याचं आयुष्य तेवढं झिजतं, असं तिच्या आईनं तिला सांगून धाडलं होतं.

खंडेराव हंडे घडवायचा. उजाडल्यापासून पत्र्यावर हातोडी. तांबटाचे कान लवकर जातात. त्याचा उजवा कान तर ऐन तरुणपणीच गेला, मग तो मान तिरकी करून डावा कान पुढं आणायचा, दाणा टिपायच्या आधी चिमणी बघते तसा. तो घडवायचा आणि चतुराबाई उजळायची. चिंचेचा कोळ, राख आणि दोन हात. तिच्या बोटांना सणावारीसुद्धा आंबट वास यायचा. मूलबाळ झालं नाही. दोन दुकानांच्या मधे अंग चोरून बसलेलं एक खणाचं घर होतं, भावाभावांच्या वाटणीत खंडेरावाच्या वाट्याला आलेलं. तेवढंच.

एकोणीसशे वीसच्या सिंहस्थात तो त्र्यंबकेश्वराला साधूंच्या छावणीत गळक्या भांड्यांना डाग द्यायला गेला. पुन्हा गेला. परत यायचा तेव्हा हातात कमाई कमी आणि डोळ्यांत काहीतरी जास्त असायचं. एका सकाळी त्यानं घोंगडी खांद्यावर टाकली. “येतो गं,” म्हणाला. आपल्याकडं जाणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही. सिंहस्थ उठला, साधू उत्तरेला गेले, आणि त्यांच्या धुरामागं खंडेरावही गेला.

घरपट्टीचा शिपाई दरसाल यायचा. दारातूनच विचारायचा, “खंडेराव आहेत का?”

“बाहेरगावी गेलेत. येतील.”

‘नाहीत’ हा शब्द ओठापर्यंत यायचा आणि तिथूनच माघारी वळायचा. नाहीत म्हटलं आणि वरच्यानं तथास्तु म्हटलं तर? शिपाई कागदावर काहीतरी लिहायचा आणि जायचा. बाकी साचत गेली.

एकदा मात्र ती पदराला पैसे बांधून कचेरीत गेली होती. कारकून पानानं रंगलेल्या तोंडाचा, हौशी माणूस.

“घर कुणाच्या नावावर?”

“यांच्या.”

“यांच्या म्हणजे कुणाच्या? बाई, इथं येणाऱ्या सगळ्यांचेच ‘हे’ असतात.”

मागं रांग होती. चतुराबाई खाली बघून म्हणाली, “जेजुरीच्या देवाचं नाव आहे.”

कारकुनाला ते तेव्हाच कळलं असावं. पण दुपार होती, आणि करमत नव्हतं. “मल्हारी?” तिनं मान हलवली. “मार्तंड? बरं, म्हाळसाकांत?”

“भाऊसाहेब, भंडारा उधळा आधी,” मागून कुणी म्हणालं, “मग देव आपसूक सांगंल.”

सगळी रांग हसली. चतुराबाई तशीच फिरली. घरी येईपर्यंत तिच्या कानांच्या पाळ्या भाजत होत्या. ती पुन्हा कचेरीची पायरी चढली नाही. पदरातले पैसे कौलं शाकारण्यात गेले. पायलीभर दाणे देऊन दुसऱ्या कुणाला पाठवावं, कुणाकडून नाव सांगवावं, एवढं साधं तिला कुणी सुचवलं नाही, आणि लाजेपोटी तिनंही कुणाला सांगितलं नाही.

एकतीसच्या दिवाळीनंतर दवंडी झाली. आळीत ढोल वाजला आणि थकलेल्या पट्टीपायी खंडेरावाचं घर लिलावात निघालं. शेजारच्या दुकानदाराला भिंत पाडून दुकान वाढवायचंच होतं, त्यानं बोली चढवत नेली. चतुराबाई चौकट धरून उभी होती. लिलाववाल्यालाही ती तेच म्हणाली, “ते बाहेरगावी गेलेत. येऊ द्या त्यांना, मग काय ते करा.”

समोर रोशनबी राहायची, सलाउद्दीन कल्हईवाल्याची बायको. आवाजानं फाटकी, मनानं शाबूत. तिनं चतुराबाईचं गाठोडं उचललं आणि आपल्या पडवीत नेऊन ठेवलं, जिथं भाता आणि कोळशाची पोती असायची. “इथं ऱ्हा,” म्हणाली. “कोळसा लागंल अंगाला. दुसरं काय नाय लागणार.”

पुढं काही दिवसांनी तोच शिपाई आला. या खेपेला त्यानं खंडेरावांना विचारलं नाही. “बाई, पट्टी, दंड, खर्च सगळं फिटून पैसे उरलेत. ते घरवाल्याचे. वर्षाच्या आत मागून घ्या, नायतर कचेरीचेच होतील.”

रोशनबीच्या मुलाचं लग्न दिवाळीनंतर ठरलं होतं. सून आली की पडवी लागणार. रोशनबी तसं बोलली नाही, पण एके दिवशी ती पोती एका बाजूला सारून भिंतीला चुना लावताना दिसली, आणि चतुराबाई काय ते समजली. आळीच्या टोकाला नवसाबाई नावाच्या म्हातारीची एक खोली विकाऊ होती. उरलेल्या पैशांत ती येत होती. दाराला कडी, आत चूल, डोक्यावर स्वतःचं छप्पर. नाहीतर रामकुंडावरच्या धर्मशाळेची ओसरी.

रोशनबी तिला ओढतच कचेरीत घेऊन गेली. कारकून तोच. आता मात्र तो हसला नाही.

“पैसे मालकाचे. मालक जिवंत असेल तर त्याला घेऊन या. मेला असेल तर वारस तुम्ही, शपथेवर तसं सांगा. तिसरी वाट नाही.”

तो शब्द त्यानं सुपारीच्या खांडासारखा सहज टाकला. चतुराबाईनं दोन्ही कानांवर हात ठेवले.

त्या दिवसापासून भीतीनं तिच्या पोटात घर केलं. तिला भीती वाटायची ती कुणा माणसाची नाही, स्वतःच्या तोंडाची. भांडं घासता घासता तो शब्द जिभेवर येऊन बसायचा, आणि ती ओठ दाबून धरायची. झोपेत सुटेल म्हणून तोंडाला पदर बांधून निजायची. वास्तू तर गेली. पण तथास्तु म्हणणारं कुठं गेलं असेल? ते काय दुकानदारानं भिंतीबरोबर पाडलं असेल? कल्हईच्या पडवीत बसून ती वरच्या काळ्या वाशांकडं बघायची, आणि तिला वाटायचं, वरून कुणीतरी कान देऊन बसलंय. तिनं बोलणंच सोडत आणलं. रोशनबी म्हणायची, “माझ्या घरी माणूस आणलं का भांडं?”

आषाढात तिचा दीर वाळू आला; वाटणीनंतर तो सायखेड्याला जाऊन राहिला होता. पैशाचं त्याच्या कानावर गेलं होतं. पडवीच्या उंबऱ्यावर बसून त्यानं चंची सोडली.

“वैनी, लय सोपं हाय. मी बोलतो कचेरीत. भाऊ गेला म्हणतो. तू नुसती मान हालव. निम्मं तुझं, निम्मं माझं.”

“मान हलवली तरी बोलल्यासारखंच की.”

“अगं, जिता असता तर आला नसता का? मेला तो. कवाच मेला.”

“भावजी!” चतुराबाईच्या हातातून चिंचेचं वाडगं सुटलं. “तोंडात माती पडो तुमच्या!”

“घे, म्हणलो मी,” वाळूनं वर वाशांकडं बघितलं. “पडलं का काय? आलं का कुणी खाली?” आणि तंबाखू मळत उठला. “दसऱ्यानंतर येतो. तू नाय बोलली तर मी एकटाच बोलीन. आमची वाटणी तोंडी झाली हुती, कागद नाय. भाऊ मेला म्हणलं की घराचा पैसा माझाच. मग निम्मं बी नाय.”

तो गेल्यावर कितीतरी दिवस कावळा ओरडला तरी ती दचकायची. तार घेऊन कुणी आळीत शिरलं, तर ती भिंतीला चिकटायची. दसरा जवळ येत होता, आणि दसऱ्यानंतर एक माणूस भरल्या कचेरीत तिच्या नवऱ्याला तोंडानं मारणार होता.

बारा वर्षांनी, त्या वर्षी पुन्हा सिंहस्थ होता. साधू येऊ लागले होते. श्रावणात एका पहाटे चतुराबाई यात्रेकरूंच्या बैलगाडीत बसली आणि त्र्यंबकेश्वराला गेली. ब्रह्मगिरी ढगात कमरेपर्यंत बुडालेला. छावणीत चिखल, धुन्यांचा धूर, आणि राख फासलेली माणसंच माणसं. राखेखाली सगळे चेहरे भाऊभाऊ दिसतात. ती एकेकासमोर थांबायची आणि निरखून बघायची. हा असला तर? आणि कुणीच नसला तर? दोन्हीची भीती सारखीच होती. हाक मारावी, तर नाव घेता येत नव्हतं.

शेवटी ती राहुट्यांच्या मधे उभी राहिली आणि घरात मारायची तशीच हाक मारली. “अहो!”

दहा-वीस जटा वळल्या. एक साधू हसला, “माई, इथं सगळेच कुणाचे ना कुणाचे ‘अहो’ होते.”

एकजण मात्र वळला नाही. तो धुनीशेजारी बसून चेपलेला लोटा मांडीवर फिरवत होता आणि दगडाच्या गोट्यानं पोचा काढत होता. टकटक, एक थांबा, टकटक. चतुराबाईनं ती टकटक ओळखली. ती त्याच्यासमोर चिखलात बसली आणि पुन्हा म्हणाली, “अहो.”

त्यानं मान तिरकी केली. डावा कान पुढं केला. “मोठ्यानं बोल, माई.”

माई! ती त्या शब्दाकडं बघत राहिली. मग त्यानं तिला बघितलं, आणि गोटा हातातच राहिला.

“तू कशाला आलीस?”

“तुम्ही आहात का, बघायला.”

“नाही,” तो म्हणाला. “प्रयागला संन्यास घेतला. त्याचा पिंड मीच दिला. स्वतःच्या हातानं. तो गेला.”

“कधी?”

“झाली बरीच वर्षं.”

“मग एक कार्ड टाकायचं होतं,” चतुराबाई म्हणाली. ज्या माणसाचं आयुष्य झिजू नये म्हणून तिनं तोंड शिवून घेतलं होतं, त्यानं आपलाच पिंड केव्हाच पाण्यात सोडला होता. मग ती इतकी वर्षं कुंकू लावत होती ते कुणाचं? सवाष्ण म्हणून हळदीकुंकवाला बसली ते पाप कुणाच्या माथी?

तिनं त्याला घरी चला म्हटलं नाही. घर कुठं होतं? तिनं लिलावाचं सांगितलं, पैशांचं, वाळूचं. ओरडून ओरडून सांगितलं, कारण त्याला ऐकू येत नव्हतं, आणि छावणीतले निम्मे साधू ऐकत होते. “जे मला सांगितलंत ते कचेरीत येऊन सांगा. माझ्या तोंडून नको.”

“संन्याशाचं कचेरीत काय काम?”

पलीकडं एक म्हातारा साधू पडला होता, याचा गुरू. तो डोळे न उघडताच म्हणाला, “जा बेटा. उसका कर्जा उतार के आ.”

आणि तो आला.

कचेरीत त्या दिवशी कामं थांबली. भगवी छाटी, राख, हातात लोटा. त्याच्या मागं चतुराबाई, तिच्या मागं बुरख्यात रोशनबी. कारकुनानं पानाची पिंक गिळली.

“नाव?”

“धर्मगिरी.”

“पूर्वीचं?”

“तो मेला.”

“कोण मेला?”

“ज्याचं घर होतं तो.”

“म्हणजे खंडेराव तुम्हीच ना? मग सही करा, पैसे घ्या, आणि त्यांना द्या. संपलं.”

“मेलेला माणूस सही कशी करील?” साधू म्हणाला. “मी त्याचा पिंड दिलाय.”

“पण तुम्ही तर इथं उभे!”

“ऐकू नाही आलं.”

शेवटी आतले साहेब बाहेर आले. काळ्या टोपीचे, मवाळ माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सावकाश म्हणाले, “संन्यास घेतलेला माणूस कायद्यानं संसारातून गेलेलाच असतो. पैसे या बाईंचे. पण अर्ज वारसाचा, तेव्हा सांगायचं वारसानं. बाई, नवऱ्याचं नाव घेऊन तुम्ही सांगा, की ते आता नाहीत.”

चतुराबाईनं टेबलाची कड धरली. ज्या शब्दापासून ती वर्षभर पळत होती, तो फिरून तिच्याच तोंडाशी आला होता. तिनं वर बघितलं. कचेरीचं आढं उंच होतं, तुळयांवर चिमण्या बसल्या होत्या. तिला वाटलं, आता शब्द निघेल, आणि हा माणूस इथंच, या फरशीवर, झाडासारखा आडवा होईल.

“बोल गं,” रोशनबी मागून कुजबुजली. “तो सोताच म्हणतोय. तुला काय दोष?”

“खंडेराव,” चतुराबाई म्हणाली आणि थांबली. मग अगदी हळू, “खंडेराव आता नाहीत.”

कारकुनानं दौतीत टाक बुडवला. साधूनं मान तिरकी केली आणि एक पाऊल पुढं आला. “काय म्हणाली? ऐकू नाही आलं.”

“राहू द्या,” साहेब म्हणाले. “आम्ही ऐकलं.”

पण तो डावा कान पुढं करून उभाच होता. चतुराबाईनं त्या कानाकडं बघितलं. चुलीपाशी बसून मीठ वाढलं, पाऊस आला, जेवायला या, असं सगळं तिनं त्याच कानात ओरडून सांगितलं होतं. ती पुढं झाली, कानाशी तोंड नेलं आणि ओरडली, “खंडेराव मेले! मेले! आलं ऐकू?”

तुळयांवरच्या चिमण्या फडफडून उडाल्या. व्हरांड्यातला शिपाई उठून उभा राहिला. चतुराबाई डोळे गच्च मिटून, खांदे आवळून, तशीच उभी होती.

काही पडलं नाही. तिनं डोळे उघडले. तो उभा होता, पण त्याचा हात छातीवर गेला होता आणि राखेखालून काहीतरी चाचपत होता, जसं हरवलंय. ओठ पांढरे पडले होते. त्यानं पाणी मागितलं. पिताना पाण्याची एक धार हनुवटीवरून छातीवर राख धुवत खाली गेली. प्रयागला पिंड सोडताना असं झालं नव्हतं, असं त्यानं नंतर सलाउद्दीनला सांगितलं म्हणे. नुसतं पाण्यात काहीतरी टाकल्यासारखं वाटलं होतं तेव्हा.

चतुराबाईचा अंगठा घेतला. अंगठा कागदावर ठरत नव्हता, रोशनबीनं मनगट धरलं. पैसे पुढं सरकवताना कारकुनाची नजर तिच्या कपाळावर गेली. “बाई, आता हे कुंकू...”

“तुमच्या रजिस्टरात कुंकवाचा रकाना हाय का, भाऊसाहेब?” रोशनबी म्हणाली. “नाय ना? मग पैसे मोजा.”

चतुराबाईनं पैसे पदराच्या टोकाला बांधले आणि गाठ मुठीत धरली. कपाळावरच्या कुंकवाला तिनं हात लावला नाही, ते ठेवावं की पुसावं हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं. ती दाराशी आली. तो पायरीवर उभा होता.

“चतुरा,” तो म्हणाला. माई म्हणाला नाही.

ती त्याच्या शेजारून पायऱ्या उतरली. रस्त्यावर टांगे होते, यात्रेकरूंची गर्दी होती. त्या गर्दीतून ती नवसाबाईच्या खोलीच्या दिशेनं चालू लागली, भिंतीच्या कडेकडेनं, जरा घाईनं, कुणी मागं येईल की काय अशी. मागं वळून तिनं बघितलं नाही. रोशनबी चपला शोधत व्हरांड्यातच राहिली होती, तिनं बघितलं. साधू पायरी उतरला नाही. रिकामा लोटा हातात धरून तो त्या हिरव्या लुगड्याकडं बघत राहिला, ते कोपऱ्यावर दिसेनासं झालं तरी, आणि शिपायानं दोनदा सांगूनही वाटेतून हलला नाही.